ठाणावरचीं चित्रें

गेल्या दिवाळींत आमचा अमेरिकेंत वाढलेला भाचा आजोळीं, खामगांवीं, आला. तेव्हां त्यानें बरोबर एक गुळगुळीत पुठ्ठ्याची पेटी आणिली होती. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ती त्यानें घरच्या सर्व मंडळींदेखत फोडली. आंत चकचकीत पाकिटें, आणि प्रत्येक पाकिटांत बेसबॉल खेळणाऱ्यांच्या छबी छापलेले लहान लहान पत्ते. हा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. एकानें चेंडू फेकावा, दुसऱ्यानें तो दांड्यानें टोलवावा आणि धांव काढावी, हाच त्याचाही गाभा. पत्त्यांवरील बहुतेक खेळाडू आजचे होते. परंतु त्यांचीं चित्रें मात्र सुमारें एकशें चाळीस वर्षांपूर्वींच्या धाटणीचीं, फिकट पार्श्वभूमीवर हातानें रंगविल्यासारखीं. एकेक पाकीट फाडतांना त्या पंचविशींतल्या मुलाच्या चेहऱ्यावर जी उत्कंठा दिसे, ती पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें. "मामा, दिसतात जुने, पण आहेत अगदीं कोरे," असें तो अभिमानानें म्हणाला.

दोन दिवसांनीं घराचा माळा रिकामा करतांना दुसरी एक पेटी निघाली. ती पत्र्याची होती, आणि तिची कडी गंजून गेली होती. आमच्या आजोबांचें खामगांवच्या बाजारांत कापडाचें दुकान होतें. तें बंद होऊन आतां ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. पेटींत लाल बासनांत बांधलेली दुकानाची एक वही होती, आणि वहीखालीं कापडाच्या ठाणांवरून सोडवून काढलेलीं शेंसव्वाशें रंगीत चित्रें. कोठें गजलक्ष्मी, कोठें कालियामर्दन, कोठें वाघाची शिकार, कोठें धूर ओकणारें आगगाडीचें इंजिन. भोंवतीं सोनेरी वेलबुट्टी, आणि तळाशीं इंग्रजी अक्षरांत मँचेस्टरच्या व्यापाऱ्याचें नांव. भाच्यानें एक चित्र हलकेंच उचललें, उजेडाकडे धरलें, आणि विचारलें, "मामा, हा पूर्ण संच किती चित्रांचा?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें सांगावयाचें आहे तें त्या प्रश्नाच्याच निमित्तानें.

प्रथम भाच्याच्या पत्त्यांची कुळकथा पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सिगारेटी पातळ कागदाच्या पाकिटांतून विकल्या जात. त्या खिशांत वांकून मोडूं नयेत म्हणून पाकिटांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोरा कां ठेवावा, असा विचार कोणा चतुर व्यापाऱ्यास सुचला, आणि त्यावर नट्या, पक्षी, सेनापती, खेळाडू यांचीं चित्रें येऊं लागलीं. रिचमंड शहरच्या अॅलन अँड गिंटर या तंबाखूच्या कंपनीनें १८८७ च्या सुमारास निरनिराळ्या खेळांतील नामवंतांचा ५० पत्त्यांचा संच काढिला. त्यांत १० बेसबॉलचे खेळाडू होते, बाकीचे मुष्टियोद्धे, मल्ल, नावाडी, नेमबाज वगैरे. पुढें तंबाखूची जागा पोरांच्या चघळण्याच्या गोंदानें घेतली. टॉप्स या कंपनीनें १९५२ सालीं काढलेला मोठा संच या छंदाच्या इतिहासांत विशेष प्रसिद्ध आहे. त्या संचाचा शेवटचा भाग खेळाचा मोसम संपत आल्यावर दुकानांत आला, म्हणून खपला नाहीं. कित्येक वर्षें वखारींत पडून राहिलेला तो माल अखेर १९६० च्या सुमारास होडींत भरून अटलांटिक समुद्रांत बुडविण्यांत आला. त्याच भागांत मिकी मँटल या खेळाडूचा पत्ता होता. त्याची एक उत्तम स्थितींतील प्रत २०२२ सालीं लिलांवांत एक कोटी सव्वीस लक्ष डॉलरांस गेली! समुद्रांत लोटलेल्या मालाची ही किंमत पाहून कंपनीलाही जुन्याचें मोल उमगलें असल्यास नवल नाहीं. २००१ पासून तिनें १९५२ च्या वळणाचे नवे पत्ते काढिले, आणि २००६ पासून अॅलन अँड गिंटरचें नांव व धाटणी पुन्हा बाजारांत आणिली. भाच्याची पेटी ती हीच.

आतां दुसऱ्या पेटीकडे वळूं. तिची कथा कापसापासून सुरू होते, आणि चमत्कार असा कीं तिचाही धागा त्याच रिचमंडास जाऊन मिळतो. खामगांव हें कांहीं प्राचीन नगर नव्हे. १८२० च्या सुमारास येथें तूप, सूत आणि थोडासा कापूस यांचा व्यापार करणारे कांहीं व्यापारी येऊन राहिले, ही त्याच्या बाजारपेठेची सुरुवात. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांची राजधानी रिचमंड होती. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस बंद पडला. त्याबरोबर इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले. पण कापसाची पेठ बसली ती बसलीच. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग तयार झाला, आणि त्याचें उद्घाटन करण्यास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. त्या वेळीं खामगांव अकोला जिल्ह्यांत होतें. बुलढाणा जिल्ह्यांत तें १९०५ मध्यें आलें.

या व्यवहाराची देखरेख करणारा मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस कमिशनर रिव्हेट कार्नाक हा स्वतः मोठा संग्राहक होता. नागपुराजवळच्या जुनापाणी येथील प्राचीन शिलावर्तुळें त्यानें उकरलीं, जुनीं नाणीं जमविलीं, आणि त्यांवर विद्वत्परिषदांच्या पत्रिकांतून निबंध लिहिले. परंतु ज्या व्यापाराची वाट तो सुकर करीत होता, त्या व्यापारानें एक नवेंच नाणें चलनांत आणिलें होतें. तें धातूचें नव्हतें, कागदाचें होतें.

खामगांवचा कापूस गासड्या बांधून मुंबईस जाई, तेथून आगबोटीनें लिव्हरपूलला, आणि तेथून मँचेस्टरच्या परिसरांतील गिरण्यांत. त्याचें सूत होई, सुताचें कापड होई, आणि तेंच कापड त्याच मार्गानें उलट फिरून खामगांवच्या दुकानांत येई. रॅली ब्रदर्ससारख्या पेढ्या तर दोन्ही बाजूंचा व्यापार करीत. येथील माल तिकडे नेत आणि तिकडचें कापड येथें आणीत. आतां ठाण विकत घेणारा शेतकरी इंग्रजी वाचूं शकत नव्हता. पुष्कळदां कोणतीच लिपि वाचूं शकत नव्हता. त्यानें मागल्या सालचें टिकाऊ धोतर पुन्हा कसें ओळखावें? यासाठीं प्रत्येक जातीच्या ठाणावर ठराविक रंगीत चित्र चिकटवीत. इंग्रज त्यास तिकीट म्हणत, आपल्याकडे छाप म्हणत. "हत्ती छाप द्या" म्हटलें कीं दुकानदारास पोत, पन्हा आणि भाव सर्व कळे. नकली छाप लावून फसविण्याचे प्रकारही अर्थातच सुरू झाले. म्हणून इंग्लंडांत १८७५ सालीं व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि हिंदुस्थानांत १८८९ च्या कायद्यानें ठाणावर त्याची लांबी वारांत छापणें आवश्यक ठरलें. १८७७ मध्यें टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल उघडली. पुढें देशी गिरण्यांनींही हीच चाल उचलली.

चित्रांची ही भूक एकट्या कापडानें भागविली असें नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत शिळाछापखाना काढिला; पुढें तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला, आणि श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यांत गेल्या, तशाच त्यांच्या नकला स्वीडन आणि जपानहून येणाऱ्या आगपेट्यांवरही बसल्या. १९२२ सालीं परदेशी आगपेट्यांवर ग्रोसामागें दीड रुपया जकात बसली. लौकरच अंबरनाथ आणि शिवकाशी येथें कारखाने निघाले, आणि त्यांच्या पेट्यांवरही चित्रें आलींच. माल बदलला, मालक बदलले. चित्राचें काम बदललें नाहीं.

येथें दोन्ही पेट्यांतील खरा भेद ध्यानांत येतो. पत्ता आणि छाप हीं दोन्ही दुसऱ्याच मालाच्या पाठीवर बसून आलेलीं; परंतु त्यांची युक्ति अगदीं उलट. सिगारेटच्या पाकिटांतील पत्ता दर वेळीं निराळा निघे, आणि राहिलेला पत्ता मिळावा म्हणून गिऱ्हाईक पुन्हा पाकीट घेई. ठाणावरचें चित्र दर वेळीं तेंच असावें लागे. तें रेसभर बदललें तर गिऱ्हाईक संशयानें उठून जाई. पहिल्याचें बळ नवलांत, दुसऱ्याचें विश्वासांत. म्हणून पत्त्यांचा संच कंपनीनें आधींच मोजून, क्रमांक घालून ठेविलेला असतो. संग्राहकानें तो फक्त भरावयाचा. आजच्या जुन्या वळणाच्या पत्त्यांत तर कांहीं पत्ते मुद्दाम थोडेच छापून दुर्मिळता सुद्धां कारखान्यांतच तयार करितात. छापांची यादी कोणीं केलेली नव्हती. त्या दुर्मिळ झाल्या, कारण त्यांची कोणास पर्वा नव्हती.

तरी आजोबांनीं त्या कां जपल्या? याचा उलगडा चित्रांच्या मागल्या बाजूस झाला. तेथें शिसपेन्सिलीनें मोडींत बारीक टिपणें आहेत: वाराचा भाव, माल आल्याचा महिना, कोठें एखाद्या गांवाचें नांव. जवळच्या वहींत तींच नांवें उधारीच्या खात्यावर सांपडतात. म्हणजे हा छंद नव्हता. छाप हें दुकानाचें स्मरणपुस्तक होतें. १९२१ च्या जुलैअखेर मुंबईंत परळास परदेशी कापडाची मोठी होळी झाली, त्या वर्षींही वहींत विलायती माल चालूच आहे. परंतु १९३० च्या उन्हाळ्यापासून, म्हणजे सविनय कायदेभंगाच्या चळवळीपासून, तो एकाएकीं थांबतो. त्यापुढें देशी गिरण्यांचा माल आणि खादी. विक्रीचे आंकडे त्याच पानावर निम्म्यावर येतात. आजोबांनीं या त्यागाचा घरांत कधीं उच्चार केल्याचें कोणास आठवत नाहीं. मात्र छापा त्यांनीं जाळल्या नाहींत. ज्या गिऱ्हाइकांनीं त्या चित्रांवर विश्वास ठेवून उधार नेलें, त्यांचीं खातीं अजून मिटावयाचीं होतीं. शिवाय चित्रावर लक्ष्मी होती, आणि ती कोठें छापली गेली म्हणून तिचें लक्ष्मीपण जात नाहीं, असेंही त्यांस वाटलें असावें.

माळा आवरल्याची वार्ता लागतांच जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. चित्रें पाहून तो हरखला. वही मात्र त्यानें बाजूस सारली. चांगलीं चाळीस चित्रें निवडून घेतों, पाठीमागची पेन्सिल पुसून टाकूं, म्हणजे भाव चांगला येईल, असें तो म्हणाला. सांगितलेली रक्कम लहान नव्हती, आणि घराची वांटणी चाललेली असतां ती नाकारणें सोपेंही नव्हतें. आमच्या बंधूंचें मत देऊन टाकावें असें होतें. त्या वेळीं आश्चर्य असें कीं, भाचाच आडवा आला. त्याच्या छंदाच्या नियमानें पत्त्याचें मोल कोरेपणावर ठरतें. कोपरा किंचित् दबला तरी किंमत उतरते. तरीही तो म्हणाला, "मामा, माझ्या पत्त्यांना मागली बाजू आहे, पण तिच्यावर कोणाचें काहीं लिहिलेलें नाहीं."

राजवाड्यांनीं १८९८ सालीं वाईच्या जुन्या कागदांवरून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढिला, आणि आमच्याच वऱ्हाडांत यशवंत खुशाल देशपांडे यांनीं यवतमाळच्या शारदाश्रमासाठीं घरोघरचीं हस्तलिखितें गोळा केलीं. पुण्यास दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, पोळपाट अशा घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभें केलें. या सर्वांच्या श्रमांतून आपण एक धडा घ्यावयास हवा. कागद सुटा झाला कीं मुका होतो. छाप वहीपासून तोडली तर ती एक सुंदर चित्र म्हणून कोणाच्या भिंतीवर राहील. पण खामगांवचा कापूस गेला कोठें, परत आला कोणत्या रूपानें, आणि एका दुकानदारानें तो घेणें कधीं थांबविलें, हें ती पुन्हा सांगूं शकणार नाहीं.

बरीच वाटाघाट झाली. शेवटीं पेटी आहे तशी, वहीसुद्धां, न मोडतां ठेवावयाची, आणि तिची यादी करून पुढें एखाद्या संग्रहालयास द्यावयाची, असें ठरलें. व्यापाऱ्यानें सांगितलेल्या रकमेइतका वांटा आमच्या हिश्श्यांतून बंधूंस गेला. यादीचें काम भाच्यानें सुरू केलें. मोडी आम्हीं वाचावी आणि त्यानें लिहून घ्यावें, अशा पांच रात्री गेल्या. पूर्ण संच किती चित्रांचा, या त्याच्या प्रश्नास आतां उत्तर देतां येईल. तो कधींच पूर्ण होणार नाहीं. कारण जीं चित्रें धोतराबरोबर गांवोगांव गेलीं, तीं लोकांच्या घरांत भिंतीवर चिकटलीं, काजळलीं आणि गळून पडलीं. जातांना भाच्यानें आपल्या पेटींतील एक पत्ता यादीच्या वहींत ठेविला, आणि त्याच्या कोऱ्या कडेवर शिसपेन्सिलीनें तारीख घालून लिहिलें: खामगांव.