शिशाचं दफ्तर

बायझंटाइन साम्राज्याचा कारभार अकराशे वर्षं लेखी चालला. नेमणुका, करवसुली, न्यायनिवाडे, इनामं, सगळं लिहून, मोहोर करून रवाना व्हायचं. त्यातलं राजदफ्तर मात्र उरलं नाही. 1204 साली चौथ्या क्रुसेडच्या सैनिकांनी राजधानीचं शहर कॉन्स्टँटिनोपल लुटलं, 1453 साली शहर उस्मानी तुर्कांनी घेतलं. अथॉस पर्वतावरच्या मठांनी आपापल्या जमिनींचे दस्त सांभाळले, पण सरकारी कागद गेले. मागे राहिल्या त्या कागदांना लोंबणाऱ्या शिशाच्या मोहरा. आज जगभरच्या संग्रहांत त्या 60 हजारांच्या वर आहेत. इतिवृत्तकारांना राजवाड्यातले कट दिसले. सीमेवरच्या प्रांतातला जकात अधिकारी त्यांच्या लेखी नव्हताच. तो आपल्याला भेटतो तो या मोहरांवरच.

मोहोर बनायची कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी साच्यात शिशाची जाडसर चकती ओतायची, तिच्या मधून आरपार पोकळी ठेवून. दस्ताची दोरी त्या पोकळीतून ओवली जायची. मग ती चकती ‘बुल्लोतेरिओन’ नावाच्या लोखंडी हत्यारात धरायची. हे हत्यार सांडशीसारखं, पण त्याच्या दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला उलटी अक्षरं आणि चित्रं कोरलेली. वरून हातोड्याचा घाव बसला की चकतीच्या दोन्ही बाजूंवर एकदमच ठसा उमटायचा आणि आतली पोकळी चेपून दोरी शिशात अडकायची. आता दोरी कापल्याशिवाय किंवा मोहोर फोडल्याशिवाय दस्त उघडणं अशक्य. सम्राटाच्या खास सनदांना सोन्याची मोहोर लागे, बाकी बहुतेक व्यवहार शिशाचा. शिसं स्वस्त आणि मऊ. जमिनीत ते पांढुरकं पडतं, पण चर्मपत्र कुजून गेलं तरी शाबूत राहतं.

शिशाच्या मोहरा रोमन काळातही होत्या. सहाव्या शतकापासून बायझंटाइन अधिकाऱ्यांनी त्या सर्रास वापरल्या. सुरुवातीला नावाची अक्षरं एकमेकांत गुंफलेली असत आणि ती उकलणं आजही डोकेफोड आहे. आठव्या-नवव्या शतकांत मूर्तिपूजेवर बंदी आली तेव्हा संतांच्या जागी क्रूस आले. बंदी उठल्यावर एका बाजूला माता मेरी किंवा एखादा संत आणि दुसऱ्या बाजूला ‘प्रभो, आपल्या या दासाला साहाय्य कर’ अशी विनवणी, पुढे नाव, किताब आणि हुद्दा, ही रीत रुळली. बढती मिळाली की हुद्दा बदले, म्हणजे मोहोरही नवी. एका माणसाच्या मोहरा क्रमाने लावल्या की त्याची सगळी नोकरी समोर येते. 1081 साली गादीवर आलेल्या अलेक्सिओस कोम्नेनोसच्या, तो अजून पश्चिमेकडच्या फौजेचा सेनापती होता तेव्हाच्या मोहरा सापडल्या आहेत.

अभ्यासकांचं लक्ष मात्र फार उशिरा गेलं. 1740 साली रोममध्ये फ्रांचेस्को फिकोरोनीने प्राचीन शिशाच्या वस्तूंवर पुस्तक काढलं, त्यात काही बायझंटाइन मोहरा होत्या, पण पुराणवस्तूंच्या हौसेपोटी. खरा पाया घातला गुस्ताव श्लुम्बर्जेने. 1884 साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथात मोहरा प्रांतवार आणि खातेवार लावलेल्या आहेत, आणि एका हरवलेल्या राज्ययंत्रणेचा आराखडा तिथे पहिल्यांदा डोळ्यांपुढे उभा राहतो.

ही विद्या किती नाजूक आहे, ते एका मोहरेवरून कळतं. 1902 साली पँचेन्को या रशियन अभ्यासकाने ती प्रसिद्ध केली. तिच्यावर आशिया मायनरमधल्या बिथिनिया प्रांतातल्या स्लाव बंदिवानांचा उल्लेख होता, सम्राटाची प्रतिमा होती आणि ‘इंडिक्शन 8’ होतं. इंडिक्शन म्हणजे पंधरा वर्षांचं चक्र. त्यातलं आठवं वर्ष 650 सालीही येतं आणि 695 सालीही. पँचेन्कोने 650 धरलं. श्लुम्बर्जेने प्रतिमा दुसऱ्या जस्टिनियनची ठरवली आणि मोहोर 694-95 सालात गेली. हा फरक लहान नाही. थेओफानेस हा इतिवृत्तकार सांगतो की या जस्टिनियनने स्लावांना आशिया मायनरमध्ये वसवून त्यांतून 30 हजारांची फौज उभारली, त्यांतले 20 हजार अरबांना जाऊन मिळाले आणि चिडलेल्या सम्राटाने उरलेल्यांची बायकामुलांसकट कत्तल केली. मग त्यानंतरच्या मोहरेवर हे स्लाव आले कुठून? अनेक अभ्यासकांचा निष्कर्ष असा की त्यांना मारलं नाही, गुलाम म्हणून विकलं. काहींना तो मान्य नाही. मला स्वतःला विक्रीचाच अर्थ पटतो, कारण ही मोहोर सेनापतीची नाही. सरकारी कोठारं आणि व्यापार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची आहे.

विसाव्या शतकात वितालिएँ लोराँ या फ्रेंच धर्मगुरूने चर्चच्या आणि मध्यवर्ती कारभाराच्या मोहरांचे खंड तयार केले. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्समध्ये सुमारे 17 हजार मोहरांचा सर्वांत मोठा संग्रह जमला. निकोलास इकोनोमिदेस यांनी निश्चित सालाच्या मोहरा 1986 साली एकत्र छापल्या, तेव्हा अक्षरांच्या वळणावरून बाकीच्यांचा काळ ठरवायला भक्कम आधार मिळाला.

अडचण आहे ती सापडण्याच्या जागेची. बऱ्याच मोहरा बाजारातून आल्या आणि त्यांचं ठिकाण कायमचं हरवलं. मोहोर जिथे पोचली ते गाव माहीत असेल, तर पत्र कुठून कुठे गेलं हे सांगता येतं. नाहीतर फक्त पाठवणारा उरतो. म्हणून बल्गेरियातल्या प्रेस्लावचं मोल मोठं. 971 साली हे शहर बायझंटाइनांनी जिंकलं आणि तिथे आपला सेनाधिकारी बसवला. त्याच्या कचेरीत आलेल्या पत्रांच्या मोहरा उत्खननात हाती लागल्या आणि इवान योर्दानोव यांनी त्या 1993 साली प्रसिद्ध केल्या. नव्याने जिंकलेल्या मुलखाशी राजधानीतली कोणकोणती खाती पत्रव्यवहार करत होती, ते तिथल्या मोहरांवरून एकेक करून मांडता येतं.