दरेकसाचं तिकीट

माघी पौर्णिमेची पहाट. तुम्ही वरठीच्या फलाटावर उभे आहात, पण पाटीवर वरठी नाही. तिथं 'भंडारा रोड' असं लिहिलंय. भंडारा शहर इथून दहाएक किलोमीटर लांब. जमीन वरठीची आणि नाव भंडाऱ्याचं, याची वरठीकर आता तक्रारही करत नाहीत. मागे सनफ्लॅग पोलाद कारखान्याच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच दिसतात. रात्रपाळी उतरून थेट स्टेशनावर आलेले दोघं तुमच्या गटात आहेत. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत, डब्यांच्या पिशव्या मोजणाऱ्या काकू आहेत, कॉलेजातली पोरंपोरी आहेत. आणि या सगळ्यांना जमवणारा गोंड समाजातला तुमचा मित्र, खांद्यावर पिवळा दुपट्टा टाकून.

"जय सेवा," तो म्हणतो.

"जय सेवा. डबे घेतले ना जी सगळ्यांनी?"

"घेतले ना बाप्पा. तुम्ही गाडीचं पाहा."

गाडी येते. गोंदियाला ती बदलायची आणि पुढे कचारगडच्या यात्रेसाठी दरेकसाला उतरायचं. तिकीट दरेकसाचंच काढलंय. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका, कारण आज बाहेर गावांबरोबर सालंही मागे पडणार आहेत.

कोका गेलं. तुमसर रोड आलं. इथून एक फाटा तिरोडीकडे, मँगनीजच्या खाणींच्या दिशेनं जातो. तुम्ही सरळच चाललाय. कुठंतरी इथंच 1 मे 1999 ही तारीख मागे पडते आणि पुढचा सगळा गोंदिया जिल्हा पुन्हा भंडाऱ्यात येऊन बसतो. थोड्या वेळानं 1 नोव्हेंबर 1956 मागे पडते. आता तुम्ही मुंबई राज्यात नाही, महाराष्ट्रात तर नाहीच. तुम्ही मध्य प्रदेशात आहात आणि त्या प्रदेशाची राजधानी नागपूर आहे. गुरुजींना हे पाठ आहे, ते मान डोलावतात. पोरांना ही थट्टा वाटते.

मग वैनगंगा. पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो. माडगीजवळ नदीच्या पात्रात खडकावर नरसिंहाचं देऊळ आहे. काकू तिकडे हात जोडतात. हात खाली येईपर्यंत डबा अरुंद झालाय. बाकं लाकडी झाली आहेत, पंखे गेले, दिवे गेले, आणि तुमच्या मांडीवर कोळशाची कणी येऊन पडते. 1880 च्या दशकाची सुरुवात आहे. ही नागपूर-छत्तीसगड रेल्वे, मीटर गेजची. 1882 मध्ये ती राजनांदगावला पोचली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी 1887 मध्ये निघेल, ही लाइन विकत घेईल आणि रुंद करील. तोवर अशीच हलत-डुलत चला.

समोर एक धान्याचा दलाल बसलाय. छत्तीसगडचा गहू-तांदूळ आता मुंबईच्या वाटेला लागणार म्हणून तो खुशीत आहे. रुळांच्या कडेनं, धुळीतून, बंजाऱ्यांचा एक तांडा चाललाय. बैलांच्या पाठीवर गोण्या आहेत. समुद्राकडून मीठ आत न्यायचं आणि आतलं धान्य बाहेर काढायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केलं. तांड्याचा नायक वर पाहतो, गाडीकडे, आणि तुमची नजर चुकवतो. त्याला काय कळलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढून आलात. दलालाला सांगावंसं वाटतं की हीच गाडी सुकाळात धान्य बाहेर नेईल आणि शतक संपता संपता दुष्काळ पडेल तेव्हा भाव गावातल्या माणसाच्या हातात राहणार नाहीत. पण तुम्ही सांगत नाही. सहलीला निघालेल्यांनी एवढ्या सकाळी कुणाचा मूड बिघडवू नये.

गोंदिया या वेळी अगदी किरकोळ वस्ती आहे. त्याला शहर रेल्वेनं केलं. तुम्ही तिथं गाडी बदलता आणि बाकं पुन्हा आजची होतात. भूक लागलेली असते म्हणून फलाटावर आलूबोंडे घेतले जातात. डबे आहेत, तरीही घेतले जातात.

आमगावनंतर जमीन उठू लागते. धानाच्या बांध्यांत लाखोळी आणि जवस, मग बांध्या संपतात आणि झाडं सुरू होतात. सालेकसा. दरेकसा. पुढे बोगदा आहे, पावसाळ्यात आलात तर जवळच हाजरा फॉल आहे. दरेकसा हे नाव बाहेरच्यांना पेपरातल्या नक्षलवाद्यांच्या 'दरेकसा दलम'मुळे माहीत असतं, म्हणून तुमच्या घरच्यांनी निघताना दोनदा विचारलं होतं. आज फलाटावर पिवळ्या फेट्यांची आणि दुपट्ट्यांची एवढी गर्दी आहे की ते नाव कुणाला आठवत नाही. मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून, ओडिशातून माणसं आली आहेत. आजूबाजूला हिंदी, छत्तीसगडी, तेलुगू, मराठी आणि या सगळ्यांच्या तळाशी गोंडी. सप्तरंगी झेंडे आहेत, ढोल आहेत. धनेगावपर्यंत चालत जायचं. पायथ्याशी काली कंकाली मातेच्या ठाण्यावर माथा टेकायचा आणि मग चढण.

गुरुजी अर्ध्यावर बसतात. "तुम्ही व्हा पुढे, मी येतोच," म्हणतात. एक अनोळखी म्हातारी नऊवारीचा काचा मारून त्यांच्या शेजारून वर निघून जाते. ते पाहून गुरुजी उठतात.

कचारगडची गुफा समोर येते तेव्हा पहिल्यांदा ती गुफा वाटतच नाही, डोंगराला मोठं तोंड फुटल्यासारखं दिसतं. आत शिरलात की आपलाच आवाज परका होतो. वटवाघळांचा वास, पायाखाली ओल, वर कातळाचं छत. छिन्नीचा घाव कुठंही नाही. ज्यांनी लहानपणापासून शाळेच्या सहलीत अजिंठा-वेरूळच पाहिलं त्यांना इथं आधी चुकल्यासारखं होतं. मूर्ती कुठे, खांब कुठे, कोरीवकाम कुठे? पोरांपैकी एक तसं विचारतोच. तुमचा मित्र हसतो, जागा दाखवून खाली बसायला सांगतो आणि गोष्ट काढतो. ही गोष्ट गोंडांचे पारंपरिक गायक असलेले परधान लोक गात आले, गावागणिक थोडी बदलत आली, म्हणून तुम्ही दुसऱ्या कुणाकडून वेगळी ऐकली असेल तर दोन्ही खऱ्या धरा.

इथं कालगणना सुटते. कुठलंही साल नाही. तुम्ही गुफेच्या बाहेर आहात आणि तोंडावर प्रचंड शिळा आहे. आत काली कंकालीची मुलं कोंडली आहेत, तेहतीस जणं. शंभूनं त्यांना कोंडलं. मुलं दांडगी होती, कुणाच्या सांगण्यात नव्हती, हे खरं. पण आता आतून येणारा आवाज दांडगाईचा नाही, भुकेचा आहे. आई दगडाबाहेर वेडीपिशी झाली आहे. जंगो रायताड त्या आवाजानं अस्वस्थ होऊन हिंडते आहे. गोंडांचा गुरू पहांदी पारी कुपार लिंगो येतो. त्याला कळतं की ही शिळा जोरानं हलायची नाही. मग हिरासुका पाटालीर येतो. त्याच्या हातात किंगरी आहे.

तो तारेवर हात फिरवतो. आत मुलं शांत होतात. कुणीतरी त्यांच्याशी बोलतंय, एवढं त्यांना पुरतं. सूर चढतो तशी त्यांच्या अंगात ताकद येते आणि ती सगळी मिळून आतून दगडाला भिडतात. तुम्हीही हात लावायला पुढे होता. शिळा हलते. घसरते. गडगडत खाली येते, आणि हिरासुका बाजूला होत नाही, किंवा होऊ शकत नाही. किंगरी थांबते. मुलं उजेडात येतात तेव्हा त्यांना बाहेर काढणारा दगडाखाली गेलेला असतो.

पुढे लिंगो त्या मुलांना शिकवतो. सगा-कुळांची मांडणी लावून देतो, साडेसातशे कुळं, कुणी कुणाशी सोयरीक करायची आणि कुणाशी नाही, याची. हीच कोया पुनेम, गोंडांची जीवनरीत. गुफेत या घटकेला बसलेल्या प्रत्येक गोंड माणसाचं आडनाव त्या मांडणीत कुठंतरी बसतं. तुमचा मित्र स्वतःचं कुळ सांगतो, पलीकडे बसलेला तेलंगणातला एक अनोळखी माणूस त्याचं सांगतो, आणि दोघं बोटांवर हिशेब करून एकमेकांचे भाऊ ठरतात. एका मिनिटात. मग पाणी, मग तंबाखू, मग फोन नंबर.

ही यात्रा आज दिसते तशी फार जुनी नाही, हेही इथंच सांगितलं पाहिजे. 1980 च्या दशकात या. गुफेत कुणीच नाही. पायवाट झुडपांनी भरलेली. डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्यासारखे काही शिकलेले गोंड तरुण गाण्यांतल्या खुणा जुळवत वर चढताहेत. हाताशी गाणी होती, म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या, डोंगराचं वर्णन होतं. तेवढ्यावर त्यांनी माघी पौर्णिमेला इथं येणं सुरू केलं. मूठभरांचे हजारो झाले आणि हजारांचे लाखो. कंगाली 2015 मध्ये गेले. गोष्ट कधी घडली, घडली का, असं विचारणारा इतिहासकार इथं एकटा पडतो. माझ्या मते त्यानं एकटं पडावंच. जिच्यामुळे माणसं आपली कुळं शोधायला पाच राज्यांतून येतात, त्या गोष्टीला तारखेचं प्रमाणपत्र लागत नाही.

दुपारी डबे उघडतात. पोळ्या, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. मग उतरण, मग दरेकसा, मग परतीची गाडी. आता मित्राला आणि गुरुजींना जरा भांडू द्या. मित्र म्हणतो, सरळ घरी. गुरुजी म्हणतात, आमगावला उतरायचं. त्यांनी पहाटेपासून याचं नाव काढलं नव्हतं, पण त्यांच्या पिशवीत एक पुस्तक आहे. गुरुजी जिंकतात.

आमगावपासून पदमपूर जवळ आहे. गाव छोटं, धानाची शेतं, काही जुन्या दगडी मूर्ती. कॉलेजातली पोरं आधी फोन काढतात आणि मग ठेवून देतात, कारण फोटोत घेण्यासारखं डोळ्यात भरणारं काही नाही. गुरुजी पाराच्या कडेला बसतात. त्यांना इथं दिसतंय ते दुसरंच.

तेच तुम्हीही पाहा. आठव्या शतकाची सुरुवात आहे आणि हे विदर्भातलं पद्मपूर नावाचं नगर आहे. तेव्हाही ते नवं नाही. वाकाटकांच्या 'दुर्ग' ताम्रपटात त्याचं नाव आधीच येऊन गेलंय. एका घराच्या अंगणातून होमाचा धूर येतोय. उदुंबर नावाचं हे कुळ, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा. भट्टगोपाल आजोबा, नीलकंठ वडील, जातुकर्णी आई. मुलाचं नाव श्रीकंठ. हे मी कल्पनेनं सांगत नाही, हा सगळा पत्ता त्या मुलानं पुढे स्वतःच आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत लिहून ठेवलाय. संस्कृतातल्या बहुतेक कवींनी आपल्याविषयी काही सांगायचं टाळलं. यानं आईचं नावसुद्धा टाळलं नाही. जग त्याला भवभूती म्हणतं. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटकं आपल्यापर्यंत आली. कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला तो होता असं कल्हणानं काश्मीरच्या इतिहासात नोंदवलं.

ही नाटकं कुठं झाली? कालप्रियनाथाच्या यात्रेत. म्हणजे गर्दीत, धुळीत, दूरदूरहून आलेल्या माणसांसमोर. इथल्या झाडीपट्टीत आजही मंडई-शंकरपटाच्या दिवसांत रात्रभर नाटक उभं राहतं, हे मनात येतंच. पण नातं जोडायचा मोह आवरा. तेराशे वर्षांच्या मधल्या दुव्यांचा पुरावा नाही.

पदमपूर म्हणजेच भवभूतीचं पद्मपूर, हे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मांडलं. ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात उभं आयुष्य घातलेला हा पंडित. सगळ्या विद्वानांना त्यांचं मत पटलं असं नाही. आमगावला पटलं, तिथल्या कॉलेजचं नाव भवभूती महाविद्यालय आहे.

गुरुजी पुस्तक उघडत नाहीत, तोंडीच सांगतात. आपल्या काळातल्या लोकांनी कदर केली नाही म्हणून भवभूती रागावला होता. तो म्हणाला, हे लिहिणं तुमच्यासाठी नाही. काळ संपत नाही आणि पृथ्वी लहान नाही, तेव्हा माझ्या मनाचा माणूस पुढे केव्हातरी होईल. रात्रपाळी करून आलेल्या दोघांपैकी एक पाराला टेकून झोपलाय. दुसरा विचारतो, "मंग झाला का जी तो माणूस?"

गुरुजींना उत्तर सुचत नाही. संध्याकाळची गाडी धरायची असते म्हणून सगळे उठतात.

आमगाव ते वरठी हा प्रवास अंधारात होतो आणि वाटेत कुठलंच साल बदलत नाही. डब्यात वाद मात्र रंगतो. एकीकडे पत्ता, गोत्र, आईबापांची नावं, सगळं लिहून ठेवलेला कवी, आणि त्याच्या गावात आज तुमच्याशिवाय पाहुणा नव्हता. दुसरीकडे एकही ओळ न लिहिता केवळ गाण्यांत राहिलेली गुफा, आणि तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं म्हणतात, लिहिलेलं कुणी वाचत नाही, एवढाच याचा अर्थ. मित्र म्हणतो, तसं नाही. हिरासुका त्याच्या लोकांच्या कुळात आहे, भवभूती कुणाच्याच कुळात नाही. मला मित्राचं पटतं. भवभूती आपण पाठ्यपुस्तकाच्या आणि परीक्षेच्या हवाली केला आणि मोकळे झालो. झाडीतल्या किती घरांत पोरांना कुणी सांगितलं, की 'उत्तररामचरित' लिहिणारा आपल्याच धानाच्या पट्ट्यातला होता?

कचारगडला जायला कुणाला सांगावं लागत नाही, माघी पौर्णिमेला गाड्या भरून जातात. पदमपूरचं सांगावं लागतं, म्हणून सांगतो. पुढच्या वेळी दरेकसाचं तिकीट काढाल तेव्हा परतताना दोन तास हाताशी ठेवा, आणि आमगावला उतरा.