उबेचा इतिहास : साथीचा काळ आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या माता



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानात एखाद्या कवीवर किंवा ग्रंथावर बोलावे, अशी रास्त अपेक्षा असते. मी आज ती पुरी करणार नाही. ज्या विषयावर बोलणार आहे तो वैद्यकाचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले मूल हातात घेताना आईचा हात कापतो की स्थिर राहतो, ही गोष्ट वैद्यकाइतकीच सामाजिक इतिहासाचीही आहे. त्या इतिहासाकडे आपण फारसे पाहिलेले नाही.

माझा जन्म बैहरचाच, १९५० च्या पौषातला. या पठारावरची पौषातली थंडी आपणांस ठाऊक आहे. मी सातव्या महिन्यात जन्मलो. तेव्हा बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. पण बैहरच्या बाळंतिणीला नागपूर आणि विलायत सारखीच दूर. आजीने मला पिंजलेल्या कापसात गुंडाळले, खाटेखाली शेगडी ठेवली आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजले. हे सारे आजीने केले. आई अवघी एकोणीस वर्षांची. तिला मला उचलूही दिले जात नव्हते. “तुझ्या हातून निसटेल,” एवढेच उत्तर तिला मिळे. बारा-तेरा दिवसांनी आजीला हिवतापाने गाठले आणि नाइलाजाने मी आईच्या पदराखाली आलो. आई पुढे आयुष्यभर सांगे, “सासूबाई तापाने पडल्या, म्हणून तू माझा झालास.” या वाक्यात सासूविषयी राग नव्हता. आजीने माझे प्राण वाचविले हे आईही मान्य करी. मात्र त्या बारा दिवसांत आपल्याला काही येत नाही असे तिला जे वाटत राहिले, ते ती कधी विसरली नाही.

बोळ्याने दूध पिणारा, असे आपण भोळ्या माणसाला हिणवून म्हणतो. चोखण्याचे बळ नसलेल्या तान्ह्याला जगविण्याची ही एक जुनी, कष्टाची रीत होती, हे त्या वाक्प्रचारात आता कोणाला ऐकू येत नाही. भाषेत आणखीही एक खूण राहिली आहे. सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्या घराघरांत होती. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लेखनातही ती आढळते. वस्तुतः गर्भाशयात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुलाच्या बाजूने असतो. आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक सक्षम असते. परंतु या समजुतीमुळे आठव्या महिन्यात बाळंत झालेली आई मुलाला जवळ घेण्याआधीच मनाने हरलेली असे. त्या हरण्याची किंमत कोणत्या नोंदवहीत सापडणार?

आता साथीकडे वळतो. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरताना दुसऱ्या, अधिक प्राणघातक लाटेने रेल्वेच्या वाटेने देशात पसरला. भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊसही फसला, म्हणजे ताप आणि उपासमार हातात हात घालून आली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. या साथीचा विशेष असा की ती तरण्याताठ्यांना मारी, आणि त्यांतही गरोदर स्त्रियांना. १९१९ साली अमेरिकेत सुमारे साडेतेराशे गरोदर रुग्ण स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांच्यापैकी निम्म्याहून किंचित अधिक जणींचा गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत टिकला नाही. आपल्या सातपुड्यातल्या गोंड-बैगांच्या पाड्यांवर अशी पाहणी करणारा कोणी नव्हता. पण जे तिकडे घडले ते इकडे घडले नसेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

त्या स्त्रियांचा आवाज शोधू गेल्यास निराशा पदरी येते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरचे चार खंड १९१६ साली, म्हणजे साथीच्या दोनच वर्षे आधी निघाले. व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरचा ग्रंथ १९३९ चा. जन्माचे विधी, विटाळ, नाळ पुरण्याची जागा या गोष्टींची नोंद घेण्याची दृष्टी त्या काळच्या अभ्यासकांना होती; घाबरलेल्या आईला धीर कोणी दिला, हे विचारण्याची नव्हती. हा दोष त्यांचा एकट्यांचा नाही. आपल्या मराठी चरित्रवाङ्मयातही हेच आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ साली त्यांनी अमेरिकेत पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. या दोन घटनांमधला दुवा सारेच सांगतात. त्या दहा दिवसांविषयी मात्र आपल्याला जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे वैद्यक जेथे प्रथम रूपास आले, त्या पॅरिसकडे थोडा वेळ जाऊ. १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयातले कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच पेटी मुलांसाठी करवून घेतली. पेटीने मुले वाचू लागली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि १९०० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती नोंदविली : ज्या आईला आपल्या मुलाची सेवा करू दिली जात नाही, तिचे मन हळूहळू त्या मुलावरून उडते. म्हणून आईने पेटीपाशी यावे, स्वतःचे दूध पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. दुर्दैवाने जगाने तार्निएंची पेटी घेतली आणि ब्युदँचा आग्रह मागे ठेवला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य इस्पितळांत आई काचेबाहेर आणि मूल काचेआत, हीच रीत झाली. कारण दिले गेले ते संसर्गाचे, आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते.

ही काच फुटली ती दारिद्र्यामुळे. कोलंबियातील बोगोटा शहराच्या सरकारी प्रसूतिगृहात १९७८ साली एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन मुले ठेवावी लागत. संसर्गाने ती दगावत आणि कित्येक आया मुले तेथेच सोडून जात. एडगर रे या डॉक्टरांनी मुलांना आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभे बांधले. पेटीची ऊब आईच्या अंगातून मिळू लागली. ही पद्धत जगभर कांगारूच्या नावाने प्रसिद्ध झाली. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. मूल छातीशी असलेल्या आईला त्याचा श्वास, त्याचे चुळबुळणे, त्याची भूक कळू लागते. परिचारिकेला विचारण्यापूर्वीच तिला उत्तर ठाऊक असते.

आपल्याजवळचे उदाहरण गोंदिया ओलांडले की भेटते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत घरोघरी नवजातसेवा सुरू केली. गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, वजन करीत, तापमान पाहत, बाळाला उबदार पिशवीत ठेवायला आणि वारंवार पाजायला आईला शिकवीत. तिसऱ्या वर्षी त्या खेड्यांतले नवजात मृत्यूचे प्रमाण, अशी सेवा नसलेल्या खेड्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. अपुऱ्या दिवसांच्या मुलांपुरते बोलायचे तर पूर्वी शंभरांतली ३३ दगावत. पुढे ते प्रमाण दहांवर आले. काचेची पेटी त्या खेड्यांत नव्हती. आईच्या शेजारी बसणारी, तिच्याच बोलीत बोलणारी एक बाई होती. २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे हेच काम आले.

जानेवारी २०२० मध्ये एक विलक्षण योग जुळून आला. भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांत कमी वजनाच्या मुलांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवण्याचा मोठा प्रयोग चालू होता. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. परिणाम इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबविण्यात आला. अशा मुलांतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले होते. आईला अतिदक्षता विभागात आणलेच पाहिजे, असे जगाला सांगण्याची वेळ आली आणि त्याच दोन-तीन महिन्यांत कोरोनाने दारे बंद केली. चीनमध्ये बाधित मातांपासून मुले चौदा दिवस दूर ठेवण्याचा सल्ला दिला गेला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एप्रिलमध्ये तसेच सांगितले आणि जुलैमध्ये ते बदलले. जागतिक आरोग्य संघटना आरंभापासून आई-मूल एकत्र ठेवा म्हणत होती. तरी इस्पितळांच्या दारांवर भीतीचेच राज्य होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, छातीशी ठेवण्याची ही सेवा सर्वत्र पोचली तर सव्वा लाखापर्यंत मुले वाचली असती. उलट तिच्यामुळे लागणाऱ्या कोरोनाने गेली असती ती दोन हजारांहूनही कमी.

बैहरला हा काळ कसा आला? २५ मार्च २०२० पासून बसगाड्या बंद. येथून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरचा घाटरस्ता. मे महिन्यात हैदराबादेहून आपल्या जिल्ह्यातला एक मजूर गरोदर पत्नीला आणि लहान मुलीला लाकडाच्या हातगाड्यावर बसवून शेकडो किलोमीटर ओढत आला. ते चित्र देशाने पाहिले आणि आठवड्याभरात विसरले. रस्त्याने, उन्हात, अर्धपोटी आलेल्या अशा किती जणींचे दिवस भरले आणि किती जणींचे नाही?

आमच्या घरातली एक सून त्याच पावसाळ्यात एका मोठ्या शहरात बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. इस्पितळाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील मंडळींनी मुलीला वाचविले. पण सुनेला अकरा दिवस आत सोडले नाही. दूध बाटलीतून आत जाई, मुलीचा फोटो फोनवर बाहेर येई. घरी आणल्यावर दीड किलोच्या त्या जिवाला अंघोळ सोडाच, कूस बदलायलाही ती धजेना. शिकलेली, कचेरीत पन्नास माणसांवर देखरेख करणारी मुलगी; पण रात्री फोनवर मला म्हणाली, “आबा, ती माझी वाटतच नाही. त्या नर्सची वाटते.”

आईचे वाक्य मला तेव्हा आठवले. सत्तर वर्षांच्या अंतराने, एकीच्या आड सासू आणि दुसरीच्या आड काच, भावना तीच.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली म्हटले की ‘मला हे जमेल’ हा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहिल्याने येतो. त्याखालोखाल, आपल्यासारखीला करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि भीती ओसरल्याने. साथीच्या काळात स्वतः करायला मूल हाती नव्हते, वॉर्डात शेजारची बाळंतीण नव्हती, माहेरची माणसे जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अडकली होती आणि भीती तर हवेतच होती. अशा आईला ‘काळजी करू नकोस’ असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून शाबासकी देणे होय. समुपदेशनाच्या पत्रकांवर माझा फारसा विश्वास नाही, तो याचसाठी.

सुनेला उपयोगी पडली ती तिच्या वस्तीतली आशाताई. मुखपट्टी लावून ती एका दुपारी आली. भाषण केले नाही. मुलीचे कपडे काढले, सुनेला पोलक्याची बटणे सोडायला सांगितली, मुलीला छातीशी टेकवली, वरून जुने लुगडे घट्ट गुंडाळले आणि म्हणाली, “आता तासभर असंच बसा, मी इथंच आहे.” तासाभराने तिने काखेतला ताप पाहिला, तो ठीक होता. तो आकडा तिने सुनेला स्वतः वाचायला लावला. दुसऱ्या खेपेस आशाताई दारातच उभी राहिली आणि सगळे सुनेने केले.

तिसऱ्या खेपेस, सून सांगते, आशाताईने विचारले की मुलगी रात्री किती वेळा दूध पिते. सुनेने घड्याळ न पाहता सांगितले. आशाताईने वहीत लिहून घेतले आणि ती पुढच्या घराकडे गेली.