हयातीपुरती मालकी

हिंदू बाईच्या मालमत्तेच्या हक्काची गोष्ट बहुधा अशी सांगतात की शास्त्राने काही दिले नाही आणि कायद्याने सगळे दिले. जुने ग्रंथ आणि निकाल पाहिले तर ती टिकत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तेव्हा लग्नातल्या आहेराबरोबरच वारशाने, खरेदीने किंवा वाटणीत आलेली मिळकतही त्याने स्त्रीधनात धरली. मिळण्याबद्दलचा वाद होताच. पण बाईची अडचण अधिक झाली ती मिळालेली जमीन तिला विकता येते का, आणि तिच्यामागे ती कोणाकडे जाते, या प्रश्नावर.

१८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मिताक्षरा मानणाऱ्या बनारस संप्रदायाच्या एका खटल्यात ठरवले की नवऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत विधवेचे स्त्रीधन नव्हे. तिने उत्पन्न खावे, मात्र विकायचे तर नवऱ्याचे कर्ज किंवा श्राद्ध, मुलीचे लग्न अशी गरज दाखवावी. तिच्यामागे मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत जावी. हे इंग्रजांनी हवेतून काढले, असे म्हणता येणार नाही. निपुत्रिक विधवेने संयमाने उपभोग घ्यावा, हे स्मृतिकार कात्यायनाचे मत होतेच. पण अनेक मतांतले एक मत साऱ्या विधवांवरचा पक्का नियम होऊन बसले, ते न्यायालयांत. त्याच काळात मुंबई इलाख्यात बापाकडून वारशाने आलेली जमीन मुलीच्या पूर्ण मालकीची मानत, आणि म्हणून काही घराणी बुडाली नाहीत.

डॉ. गो. वि. देशमुखांच्या १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, तरी मालकी हयातीपुरतीच राहिली. ती मोडली १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने: बाईच्या ताब्यातली आधीची मिळकतही पूर्णपणे तिची झाली. माझ्या मते हा बदल मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीपेक्षा कमी मोलाचा नाही. महाराष्ट्राने असा हिस्सा १९९४ मध्येच दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या; २००५ च्या दुरुस्तीने ती अटही काढली.

लेकींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे होतात, हा आक्षेप आजही ऐकू येतो. तुकडे तर चार भावांच्या वाटणीतही होतात. तेव्हा एका भावाने हक्क सोडावा असे कोणी सुचवत नाही. हुंड्यात तिचा वाटा फिटला म्हणावे, तर तो पैसा सहसा तिच्या हातात पडतच नाही. सातबाऱ्यावर मात्र बापामागे भावांची नावे भोगवटादार म्हणून चढतात आणि बहिणीचे नाव बऱ्याचदा ‘इतर अधिकारा’त जाते, नाहीतर हक्कसोडपत्रावर सही घेऊन तेही कमी होते. रद्द झालेली हयातीपुरती मालकी तलाठ्याच्या दप्तरात अशी अजून नांदते आहे. म्हणून वारसनोंदीच्या वेळीच बहिणीचे नाव भोगवटादारांत लागले की नाही, हे फेरफार मंजूर होण्याआधी तपासले पाहिजे.