घोड्याच्या पाठीवरचे २० टक्के

घोड्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न पहिल्यांदा दयेपोटी निघाला असेल असे वाटत नाही. तो निघाला तिजोरीच्या काळजीतून. रोमन साम्राज्याने इ. स. ३५७ मध्ये फर्मान काढले की सरकारी टपालाच्या घोड्यावर ३० रोमन पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १० किलोंपेक्षा जास्त सामान लादायचे नाही. ३८५ मध्ये खोगीर-लगामाला ६० पौंडांची आणि पडशीला ३५ पौंडांची मर्यादा आली. ती ओलांडली तर खोगिराचे तुकडे करायचे आणि पडशी सरकारजमा! स्वाराच्या वजनाबद्दल मात्र अवाक्षर नाही. सरकारी अंमलदाराला तराजूत बसवणार कोण?

पुढे सैन्यांपुढेही प्रश्न ओझ्याचाच होता, तोही स्वारासकट. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश घोडदळाचा घोडा स्वार, शस्त्रे, दाणागोटा मिळून जवळपास १३० किलो वाहत होता. त्या युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे गेले. लांबचा समुद्रप्रवास, विश्रांतीशिवाय थेट मोहीम, उपासमार आणि त्यावर हे ओझे.

आज जगभर सांगितला जाणारा आकडा अमेरिकी घोडदळाच्या १९२० च्या अश्वसंगोपन पुस्तिकेत सापडतो: स्वार आणि सरंजाम मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के. ५०० किलोंच्या घोड्याला १०० किलो, खोगीर धरून. तट्टू ३०० किलोंचे असेल तर फक्त ६०. माथेरानला घोडा ठरवताना हा हिशेब कोण करतो?

आकडा मुळात सैन्याच्या कामाचा होता. त्याची प्रयोगातून पारख व्हायला २००८ उजाडले. अमेरिकेत आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून त्यांना फिरवले. २५ टक्क्यांपासून हृदयाचे ठोके वाढले, ३० टक्क्यांना स्नायू सर्वांत जास्त दुखावले. ज्यांची कंबर रुंद आणि पायाच्या नळीचे हाड जाड, त्यांना त्रास कमी झाला. मला या प्रयोगातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो, कारण वजनकाट्यावर दोन घोडे सारखे भरले तरी त्यांच्या पाठी सारख्या नसतात. आइसलँडचे ठेंगणे घोडे तर मोठ्या माणसांना सर्रास वाहतात. २०१७ च्या चाचणीत या घोड्यांच्या रक्तात लॅक्टेट (स्नायूंवर ताण आला की तयार होणारे द्रव्य) झपाट्याने साचू लागले ते सरासरी २२.७ टक्क्यांच्या पुढे.

मग इंग्लंडमधल्या एका प्रयोगाने खळबळ उडवली. सहा घोडे, वेगवेगळ्या वजनांचे चार स्वार. जड दोघांच्या सगळ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडे तात्पुरते लंगडू लागल्यामुळे. त्या दोघांतला एक तर १५ ते १८ टक्क्यांतलाच, म्हणजे जुन्या नियमात चोख बसणारा. पण या जड स्वारांना खोगीर नीट बसत नव्हते, आणि बूड मागे सरकले की भार पाठीच्या मागच्या भागावर, फासळ्यांचा आधार संपतो तिथे जातो. त्यामुळे लंगडण्याला किलो कारणीभूत की खोगीर, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.