निळी रेघ कुणाची?

आपल्या वाट्याला आलेली पहिली रेघ गावकुसाची. कुसाच्या आत गाव, बाहेर आपण. आणि बाहेर म्हणजे कुठं? किती तरी गावांत सखल अंगाला, ओढ्याच्या नाहीतर नदीच्या बाजूला. पूर आला की आधी आपल्या चुली विझायच्या. हा इतिहास कुठल्या नकाशात नाही.

आता सरकारनं आणखी दोन रेघा मारल्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचेल ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी-लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. ऐकायला शहाणपणाचं. पण 'शंभर वर्षांतून एकदा' हे काही पंचांग नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ; तीही जुन्या नोंदींवरनं काढलेली. कृष्णा-पंचगंगेनं २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर दाखवले. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. नोंदवही जुनी, नदी पुढं गेलेली.

मग नकाशाला हरकत घेतो कोण? बिल्डर. त्याच्याकडं इंजिनिअर आहे, वकील आहे. रेघ नदीकडं सरकवा म्हणतो, कारण रेघ सरकली की जमिनीचा भाव बदलतो. भराव टाकून प्लॉट उंच करतो. त्याचं जोतं कोरडं राहतं. पण पाण्याला जागा लागतेच. भरावानं अडलेलं पाणी शेजारच्या सखल वस्तीत शिरतं. २०१९ च्या पुरानंतर सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. पण अतिक्रमण म्हटलं की साहेबाला झोपडी दिसते, भराव दिसत नाही.

मुंबईतही हेच झालं. मिठी नदीकाठची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. विमानतळासाठी नदीचं पात्र वळवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी घराघरांत शिरली. पुढं नदी रुंद करताना काठच्या हजारो झोपड्या हटवल्या. संकुल जागेवर आहे. धावपट्टी जागेवर आहे.

म्हणून नकाशा वाचायला शिका. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ ला दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतरच्या दामोदर खोरे योजनेचं काम त्यांच्याच खात्यात झालं. १९२७ ला महाडात ओंजळीत पाणी घेतलेल्या हातानं पुराचे कागदही तपासले.

आपल्या वस्तीतल्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. त्या टेपनं मोजा, म्हाताऱ्यांना विचारून साल लिहा. माहितीच्या अधिकारात पूररेषेचा नकाशा मागवा. दोन्ही शेजारी ठेवा. विकास आराखडा जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणीला सगळी वस्ती घेऊन जा. मागण्या दोन: प्रत्येक भराव नकाशावर दाखवा; आणि वस्ती उठवायचीच असेल तर त्याच गावात, उंच जागेवर, आमच्या नावावर घर द्या.

निळा रंग आपला. ही निळी रेघ मात्र आपल्याला न विचारता मारलीय.