पेशीचा श्वास आणि कमला सोहोनी

१/ नारायणगडाची चढण चढताना श्वास वाढतो. छातीत घेतलेल्या त्या हवेचे पेशीत काय होते, या प्रश्नाच्या उत्तरात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे. आजचा धागा डॉ. कमला सोहोनी यांच्याविषयी.

२/ आधी थोडे विज्ञान. भाकरीतून मिळालेल्या ग्लुकोजचे पेशीद्रव्यात पायरुविक आम्ल होते. ते तंतुकणिकेत शिरते. तेथे क्रेब चक्रात कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो आणि अन्नातील इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या साखळीकडे सोपवले जातात.

३/ या साखळीतील एक वाहक म्हणजे सायटोक्रोम सी. तो इलेक्ट्रॉन अखेरच्या विकराकडे पोहोचवतो. तेथे ऑक्सिजन ते स्वीकारतो व पाणी बनते. या प्रवासात मुक्त होणाऱ्या ऊर्जेमुळेच एका ग्लुकोजमागे एटीपीचे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. ऑक्सिजनविना मिळतात अवघे २.

४/ आता इतिहास. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी; वडील आणि काका याच संस्थेचे विद्यार्थी. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला.

५/ कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षाधीन म्हणून. हा अपमान त्या उतारवयातही विसरल्या नाहीत. मात्र त्यांच्या कामगिरीनंतर संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले.

६/ पुढे केंब्रिज. तेथेच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमचे महत्त्व उलगडले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर संशोधन करून वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी आणि त्याचे श्वसनातील कार्य दाखवून दिले. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

७/ झाडे केवळ प्रकाशसंश्लेषण करतात, हा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात जमिनीखालचा बटाटा आणि गड चढणारा वारकरी, दोघांच्याही पेशी त्याच साखळीच्या आधारे ऊर्जा मिळवतात.

८/ मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी नीरा व कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर काम केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले. रामन यांचे विज्ञानातील थोरपण निर्विवाद आहे; त्यांचा तो निर्णय अन्यायाचा होता, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात.